ओदेतचा आक्षेप

चिलोएपलीकडचं एक चिमुकलं बेट.
सहावीचा वर्ग, पोरं सात.
बाहेर ओहोटी, चिखलात कलंडलेली होडी.
मी कास्त्रोहून पहाटेच्या लाँचने आलेली,
पिशवीत माझ्याच कादंबरीच्या बारा प्रती,
त्यातल्या दोन भिजलेल्या.

तेरावं प्रकरण वाचलं :
आई गेल्यानंतरच्या नवव्या रात्री
घर आपणहून उठतं,
लाकडी पाय झटकतं,
कोंबड्यांना वळसा घालतं
आणि समुद्रात उतरतं.
आत ब्रुनिल्दा जागी. दिवा हलतोय. बस्स.

पुढचा परिच्छेद सान्तियागोच्या संपादकबाईंनी
फोनवर मागून घेतलेला.
"नऊ ते बारा वयाची मुलं हो, गोंधळतील.
एक ओळ टाका. स्वप्न होतं, ताप होता, काहीही."
मी ताप टाकला होता.
अडतीस अंश नऊ.
तोही वाचला, जरा घाईघाईने.

शेवटच्या बाकावरून हात वर.
ओदेत लेपिओ. नखांत बटाट्याच्या शेतातली माती.
"बाई, हे चुकलंय."
मी मनात उत्तर जुळवायला घेतलं,
गोष्टीत असं चालतं बाळा, कल्पना म्हणून बघ, वगैरे.
मोठ्यांच्या सभेत हमखास लागतं ते.

"घर चालेल की," ती म्हणाली,
माझ्या अडाणीपणाची कीव करत.
"आमचंच आलंय समोरच्या बेटावरून.
खाली ओंडके, पुढे बैलांच्या नऊ जोड्या,
मग भरती आली तसं दोर बांधून दोन लाँचींनी ओढलं.
आजोबा आतच बसून राहिले.
उतरा म्हटलं, तर म्हणे घराला एकटं वाटेल.
पण तुमचं घर पोचलं पलीकडे
आणि कुणी कुणाला जेवायलाच घातलं नाही!
घर हललं की गावजेवण द्यावं लागतं.
खड्डा खणायचा, दगड तापवायचे,
शिंपले, बटाटे, डुकराचं मांस, वर मोठाली पानं.
तुमच्या पुस्तकात सगळे उपाशीपोटी परत गेले."

वर्गाने माना डोलावल्या. गुन्हा गंभीर होता.

"आणि ताप कशाला?" एलिसेओ म्हणाला.
"मला आलेला. तापात घर हलत नाही.
भिंती जवळ येतात नुसत्या."

"आमच्या बाबांचे बूट," खिडकीपाशी बसलेली लहानगी
हात वर न करताच बोलली,
"दर भरतीला ओले होतात.
आई चुलीपाशी वाळत घालते."
कुणी हसलं नाही. कुणी काही विचारलं नाही.
कुणीतरी शेजाऱ्याचं खोडरबर मागितलं.
गुरुजी उठले आणि
आधीच बंद असलेली खिडकी
नीट बंद करू लागले.

संध्याकाळची लाँच. डिझेलचा वास, थंडी.
मांडीवर एकेक प्रत घेऊन
मी ताप खोडत बसले.
भिजलेल्या दोन प्रतींत शाई पसरली,
तिथे तापाच्या जागी एक निळं डबकं झालं.
राहू दे म्हटलं.
संपादकबाईंना काय सांगायचं ते बघू नंतर.
बुटांचं मी लिहिणार नाही. ते तिचे आहेत.

मग पाठकोऱ्या तिकिटावर लिहिलं :
सकाळी ब्रुनिल्दाने दार उघडलं.
उंबऱ्याशी वाळू, एक खेकडा,
आणि समोर दोर गुंडाळत उभी असलेली माणसं,
ओळखीची, बिनओळखीची, ओली.
तिने आईचं सगळ्यात मोठं पातेलं काढलं,
आतलं कोळ्याचं जाळं फुंकरीने उडवलं
आणि विचारलं,
किती जण आहात?
बत्तीस, कुणीतरी म्हणालं.

इथे माझं पेन अडलं.
बत्तीस माणसांना बटाटे किती लागतात?
ओदेतला विचारायला हवं.
पुढची लाँच गुरुवारी.